कोमट पाणी

सूनबाईने पान्याला सगळा जोर लावला तेव्हा कुठे शॉवरची चकती कुरकुरत फिरली. नाकातोंडावर जाड मास्क, हातात रबरी मोजे, आणि पाणी अंगावर उडू नये म्हणून चकतीभोवती घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी, अशा अवतारात ती स्टुलावर उभी होती. दाराबाहेर सासूबाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या आणि जपून, टाइल फुटेल, जपून, असं सारखं बजावत होत्या. टाइल फुटली तर सासऱ्यांना काय सांगायचं, हीच त्यांची मोठी काळजी होती. सासरे हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते, पण टाइल ती टाइल.

चकती हातात आली. आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. बाहेरून चकती आरशासारखी लखलखत होती, दिवसाआड फडक्याने पुसलेली. सूनबाईने लांब काडीला गुंडाळलेल्या कापसाने तो थर खरवडून बाटलीत टाकला, गिझरमधलं पाणी दुसऱ्या बाटलीत धरलं, छपरावरच्या टाकीच्या तळाचं ती आधीच घेऊन आली होती, सगळी बुचं घट्ट केली आणि ती स्टुलावरून उतरली.

"निघालं काही?" सासूबाईंनी विचारलं.

"डोळ्यांना दिसतं होय, आई? लॅबमध्ये वाढवून बघावं लागतं. वेळ लागेल."

मग तिने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आजवर ही किल्ली सासऱ्यांच्या खिशाबाहेर पडली नव्हती.

सासऱ्यांना सगळे फोरमन म्हणत. बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात ते फोरमन होते आणि निवृत्त होऊन जमाना झाला तरी हुद्दा काही अंगावरून उतरला नव्हता. नातेवाईक फोरमन म्हणत, दूधवाला फोरमन म्हणे, आणि रागावल्या की सासूबाईही म्हणत. कारखान्याचा भोंगा बिघडला की दोन बोटं तोंडात घालून ते अशी शिट्टी मारत की पार रंगाच्या शेडमध्ये कामगार डबे उघडायला लागत. 'फोरमनची छाती आहे की भाता' असं लोक म्हणायचे म्हणे. म्हणजे तसं ते स्वतःच सांगायचे. सिगारेट त्यांनी साठीला सोडली, एका झटक्यात, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्याआधी चाळीस वर्षं ओढली होती, त्याचाही थोडा होताच.

आणि सगळ्यात मोठा अभिमान होता लेकीचा. चिमणी तिचं घरातलं नाव. चाळिशी उलटली, हाताखाली चार माणसं आली, तरी बापाला ती चिमणीच. दोन वर्षांपूर्वी चिमणीच्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला. फोरमन बाह्या सरसावूनच डॉक्टरांपुढे जाऊन उभे राहिले, माझी घ्या म्हणाले, जणू रक्तदानाच्या रांगेत पहिला नंबर लावतायत. तपासण्या झाल्या. साखर आहे, वय झालंय, छातीतही जुना धूर साचलाय, तुमची नाही चालणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग सासूबाईंची जुळली. त्या गेल्या, पडल्या, किडनी देऊन आल्या आणि महिन्याभरात पुन्हा स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. त्याचं फोरमनना कौतुक होतंच, पण बायकोचा माल पास झाला आणि आपला नापास, ही गोष्ट त्यांच्या जिवाला फार लागली. कितीतरी दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत.

बोलायला लागले ते एकदम बाथरूमबद्दलच. चिमणीचं ऑपरेशन दूरच्या शहरात झालं होतं आणि डॉक्टर लांब जाऊ देत नव्हते, म्हणून ती तिथेच राहत होती. पण एक ना एक दिवस ती माहेरी येणार होती. तेव्हा वरच्या तिच्या खोलीला लागून तिची स्वतंत्र बाथरूम हवी, कोणाची वर्दळ नको, असं फोरमननी जाहीर केलं. गवंडी फक्त भिंतीपुरता बोलावला. बाकी सगळं त्यांनी स्वतः केलं. छपरावर वेगळी छोटी टाकी बसवली, वेगळा गिझर आणला, थाळीएवढा शॉवर लावला. ऑपरेशनची कातडी नाजूक असते, चुकून पोळायला नको, म्हणून गिझरचा काटा कोमटावर आणून ठेवला आणि तो हलू नये म्हणून वर पट्टी मारली. धूळ येऊ नये म्हणून खिडकी बंद केली. आणि लेकीच्या आधी ही बाथरूम कोणीही उष्टावायची नाही असा हुकूम सोडून दाराला कुलूप घातलं.

चिमणी यायची तर लगेच होती, पण कधी ताप, कधी तपासणी, कधी डॉक्टरांची नाही. येणं लांबत गेलं. बाथरूम कोरी करकरीत राहिली.

वापरायला बंदी होती, पण बघायला नव्हती. घरात कोणी पाय ठेवला की फोरमन त्याला आधी वर नेत. साडू आले, विम्याचा माणूस आला, मीटर बघणारा आला, एकालाही सोडलं नाही. कुलूप उघडायचं, 'जरा मागे सरका' म्हणायचं आणि शॉवर क्षणभर सोडायचा. बारीक धुक्यासारखं पाणी खाली यायचं. फोरमन त्यात तोंड घालून डोळे मिटायचे, खोल श्वास घ्यायचे, म्हणायचे, 'हे बघा, असं पाणी!' आणि लगेच बंद करायचे. पाहुणा खाली उतरून चहा पिईपर्यंत फोरमनच्या भुवया ओल्याच असायच्या.

सूनबाईलाही त्यांनी नेलं होतं. ती शहराच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. 'आमची सून पाण्यात पाणी शोधते,' अशी तिची ओळख करून द्यायची फोरमनची पद्धत होती आणि यावर पाहुणे हसले की तिलाही हसावं लागायचं. त्या दिवशी तिने शॉवरखाली हात धरला. पाणी कोमट लागलं. दुसऱ्या कोणाच्या घरी, एखाद्या हॉटेलात, असं बंद खोलीतलं, साठलेलं, कोमट पाणी हाताला लागलं असतं तर तिने तिथल्या तिथे चार प्रश्न विचारले असते. पण इथे ती तपासायला आलेली नव्हती. ती सून होती, आणि सासरे बाजूला उभे राहून परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"छान झालीय, बाबा," ती म्हणाली आणि हात पुसून खाली आली.

त्यानंतर काही दिवसांनी फोरमन आजारी पडले. आधी अंग दुखलं, मग ताप चढला, मग कोरडा खोकला सुरू झाला आणि बघता बघता माणूस बरळायला लागला. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले. नेहमीची औषधं चालू केली, पण ताप ढिम्म हलेना. सूनबाई खाटेजवळ बसली होती. फोरमन डोळे मिटूनच कोणाला तरी म्हणत होते, मागे सरका, जरा मागे सरका. आणि तिला वरच्या शॉवरचा तो फवारा आठवला. तिने डॉक्टरांना गाठलं, आपली नोकरी सांगितली, वरची बाथरूम सांगितली. डॉक्टर तरुण होते आणि शहाणे होते. त्यांनी त्याच तासाला लघवीची वेगळी तपासणी करून घेतली. लिजिओनेला निघाला, साठलेल्या पाण्यात वाढणारा जंतू. औषध बदललं. दोन-तीन दिवसांत फोरमननी डोळे उघडले आणि खिचडीत मीठ नाही अशी तक्रार केली. घरच्यांना हायसं वाटलं.

बाटल्यांचा निकाल मात्र सवडीने आला. शॉवरमध्ये तोच जंतू, टाकीच्या तळाला तोच, गिझरमध्ये तर नुसता बुजबुजाट. खालच्या बाथरूमचं पाणीही तिने तपासलं होतं. ते स्वच्छ होतं, कारण तिथला नळ दिवसभर चालू आणि गिझर कढत.

आणि चिमणी रविवारी येणार होती. बाबा आजारी म्हटल्यावर तिने डॉक्टरांशी भांडून परवानगी काढली होती.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी घरची तिघं बसली. बाबांना यातलं काही कळता कामा नये, असं सूनबाईच्या नवऱ्याचं म्हणणं. त्यांनी हौसेने बांधलेल्या बाथरूमने त्यांनाच आजारी पाडलं, आणि चिमणीला तर तिने पुरतं संपवलंच असतं, हे ऐकून ते हाय खातील. त्यापेक्षा पाइप फुटला म्हणून सांगू.

"पाइप फुटला म्हटलंस तर ते डिस्चार्ज घेऊन थेट वर चढतील," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी दुरुस्त करतील आणि रविवारी लेकीला आत उभी करतील. ओळखत नाहीस बापाला?"

मग सांगायचं कोणी, हा प्रश्न निघाला, आणि दोघांनीही सूनबाईकडे पाहिलं. अवघड जागेचं दुखणं नेहमी सुनेच्याच वाट्याला यायचं, याची तिला सवय होती. पण या वेळी तिला स्वतःलाच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हॉस्पिटलात गेली. फोरमन खाटेवर उशीला टेकून बसले होते. पलीकडच्या खाटेवर पाय मोडलेला एक ड्रायव्हर होता. कारखान्याने बांधलेल्या बसमध्ये आणि आताच्या बसमध्ये काय फरक आहे, हे दम लागत असूनही फोरमन त्याला पटवून देत होते. तिने स्टूल जवळ ओढलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. जंतू कुठला, तो पाण्यात राहतो, पाणी कोमट आणि साठलेलं असलं की फोफावतो, पाणी प्यायलं तर बहुतेक काही होत नाही पण त्याचा बारीक फवारा श्वासातून आत गेला की छातीत घर करतो. तुमच्या छातीतला आणि वरच्या शॉवरमधला जंतू एकच आहे, बाबा.

फोरमन ऐकत राहिले.

"मीही हात घातला होता त्या पाण्यात," ती म्हणाली. "तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी बोलले नाही."

"बोलली असतीस तर मी ऐकलं असतं?"

तिने जरा विचार केला.

"नसतं."

"मग झालं तर."

त्यांनी साडूंचं काढलं. साडू तर शॉवरसमोर आ वासून उभा होता, गधडा, आणि तो आज ठणठणीत आहे. विम्यावाला ठणठणीत. मीटरवाला ठणठणीत. मग मलाच कसं झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा आवाजात जुना फोरमन होता, कामात कसूर कोणाची ते शोधणारा. सूनबाईला हे उत्तर टाळायचं होतं, पण एवढं सांगितल्यावर आता मागे हटण्यात अर्थ नव्हता. पाणी सगळ्यांना तेच होतं, ती म्हणाली, पण माणसं सारखी नसतात. धडधाकट माणूस तो जंतू परतवून लावतो. वय झालेलं असलं, साखर असली, वर्षानुवर्षं सिगारेट ओढून छाती आतून थकलेली असली, की त्याला वाट मिळते. शिवाय पाहुणे एकदाच आत आले, तुम्ही प्रत्येक वेळी.

छाती थकलेली, हे शब्द फोरमनना लागले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण उगाच लावलं, पुन्हा काढलं. पलीकडचा ड्रायव्हर छताकडे बघत होता, म्हणजे सगळं ऐकत होता.

"आणि चिमणी?" त्यांनी हळू विचारलं.

"ताईंच्या गोळ्या किडनी सांभाळतात, पण त्यासाठी अंगातला पहारा झोपवून ठेवतात. त्यांना हे पाणी..."

फोरमन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. खांदे हलत होते. खोकला की रडणं, ते पाठीवरून कळत नव्हतं. नवऱ्याचं ऐकायला हवं होतं, असं सूनबाईला वाटलं. खरं बोलायची एवढी कसली हौस, असाही विचार मनात येऊन गेला. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्यांना तिने आजवर कधी असा हात लावला नव्हता.

बऱ्याच वेळाने फोरमन म्हणाले, "बसव मला."

तिने त्यांना उठवून बसवलं. डोळे लाल झाले होते, पण नजर तिच्यावर रोखलेली होती.

"मला आधी झालं, ते साखरेमुळे?"

"हो. साखरेमुळेही."

"वयामुळे? सिगारेटमुळे?"

"बाबा, आता कशाला..."

"हो की नाही, तेवढं सांग."

"हो."

"हीच साखर घेऊन गेलो होतो मी किडनीच्या डॉक्टरांकडे. हीच छाती. तुमचं काहीच लेकीच्या कामाचं नाही म्हणाले. काहीच नाही." त्यांना दम लागला, ते थांबले, पुन्हा श्वास घेतला. "मी धडधाकट असतो तर मला काही झालं नसतं. आणि ज्या दिवशी ती आली असती त्या दिवशी आत गेली असती."

हिशेब चुकीचा नव्हता.

तेवढ्यात साडू आले, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. ते बसतात न बसतात तोच फोरमननी त्यांना सगळी हकिगत ऐकवली. जंतूचं नाव त्यांना नीट आलं नाही, पण जे आलं ते एवढ्या रुबाबात म्हटलं की साडूंना तेच खरं वाटलं. तू शॉवरसमोर उभा राहिलास, तुला काही झालं नाही, त्यात तुझी काय मर्दुमकी, असं त्यांनी साडूंना खडसावलं. आणि मग ड्रायव्हरलाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरीवर येणार होतं. मी अंगावर घेतलं."

सूनबाई संत्री सोलत होती. लॅबमध्ये असलं वाक्य तिच्या हाताखालच्या कोणी लिहिलं असतं तर तिने ते उभं खोडलं असतं. अंगावर घेतलं म्हणजे काय? यांनी जाणूनबुजून काही घेतलं नव्हतं. ती टाकी यांनी बसवली, तो काटा यांनी कोमटावर आणला, ती खिडकी यांनी बंद केली. लेकीच्या वाटेतलं संकट यांनी स्वतःच्या हातांनी, हौसेने बांधलं होतं. हे सगळं तिच्या ओठांवर आलं आणि तिने वर पाहिलं. साडूंशी बोलता बोलता फोरमन तिरप्या नजरेने तिच्याकडेच बघत होते. त्या नजरेत अजिबात बढाई नव्हती. सगळं कळलं होतं त्यांना, अगदी पट्टी मारलेल्या काट्यापर्यंत. तिने संत्र्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली आणि पाठीमागची उशी सारखी केली.

साडू गेले आणि फोन वाजला. चिमणीचा होता. फोरमननी सवयीने स्पीकर लावला, कारण लेकीचा फोन एकट्याने ऐकायचा म्हणजे त्यांना कंजूषपणा वाटायचा. तिने तब्येत विचारली, ओरडली, जेवलात का विचारलं, आणि मग म्हणाली की बॅग भरतेय, टॉवेल आणू का, की तुमच्या त्या राजेशाही बाथरूममध्ये तेही टांगून ठेवलेत?

या एका विषयावर फोरमनना आजवर कधी शब्द कमी पडले नव्हते. त्यांनी फोन सूनबाईपुढे धरला.

"तू सांग," ते पुटपुटले.

"ताई, मी बोलतेय," सूनबाई म्हणाली. "वरची बाथरूम आपण वापरायची नाही. तिथल्या पाण्यात दोष निघालाय. तुमच्यासाठी तर फार वाईट. तुम्ही खाली, आमच्याकडे आंघोळ करा, तिथलं पाणी चांगलं आहे."

चिमणी दोन वर्षं हॉस्पिटलांत काढलेली बाई. दोष म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"अगं, पण कळलं कसं?" तिने विचारलं. "पाणी तपासलं कोणी?"

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. ते मान खाली घालून चादरीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले होते.

"आधी बाबांनी," ती म्हणाली. "मग मी."

फोरमननी दोरा सोडून दिला, मान वर केली, आणि पलीकडच्या खाटेवरच्या ड्रायव्हरने हे ऐकलं की नाही, ते आधी बघून घेतलं.